शेवटच्याचंच ऐकणारी साखळी

जानेवारी १९७९मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधून युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यासोबतच्या माहितीपुस्तकात ‘शेल’चं एक पान होतं. शेल म्हणजे एक मध्यस्थ: माणसानं टाइप केलेली ओळ वाचायची, तिच्यात नावं असलेले प्रोग्रॅम शोधायचे आणि ते चालवायचे. एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला अशी साखळी म्हणजे पाइपलाइन, हे सांगून झाल्यावर त्या पानानं जाता जाता आणखी एक गोष्ट नोंदवली होती. साखळीतली प्रत्येक कमांड स्वतंत्र प्रोसेस म्हणून चालते आणि शेल शेवटची कमांड संपेपर्यंत थांबतं.

शेवटची, पहिली किंवा मधली नव्हे. साखळी यशस्वी झाली की फसली याचा निकालही त्या शेवटच्या कमांडवरूनच लागायचा. हा नियम बदलून घेण्याची सोय अधिकृत मानकात यायला २०२४ साल उजाडलं. मधल्या पंचेचाळीस वर्षांत या नियमाच्या आडोशानं कितीतरी बॅकअप रिकामे निघाले आणि कितीतरी अर्धवट कामं ‘यशस्वी’ असा शेरा घेऊन पुढे सरकली. असा नियम केलाच कशाला, हे समजायला मात्र १९७९च्याही मागे जावं लागतं.

न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय नावाचे गणितज्ञ होते. ११ ऑक्टोबर १९६४ या तारखेच्या एका टिपणात त्यांनी आपल्या मागण्यांच्या यादीत सगळ्यात वर एक कल्पना मांडली. बागेतल्या पाण्याच्या नळीला हवा तेव्हा आणखी एक तुकडा जोडावा, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. त्या काळी संगणकाला काम द्यायचं म्हणजे छिद्रं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा देऊन ताटकळत बसायचं. त्यामुळे कल्पना कागदावरच राहिली. पुढे बेल लॅब्ज मल्टिक्स नावाच्या अवाढव्य प्रकल्पात गुंतली, १९६९मध्ये त्यातून बाहेर पडली आणि त्याच वर्षी केन थॉम्प्सन यांनी एका अडगळीतल्या पीडीपी-७ यंत्रावर युनिक्सचा पाया घातला. डेनिस रिची सोबतीला आले. मॅकिलरॉय आता विभागप्रमुख होते, पण नळीचा विषय त्यांनी सोडला नव्हता. दर थोड्या दिवसांनी ते थॉम्प्सन यांच्याकडे नवी मांडणी घेऊन जायचे आणि ती नाकारली जायची. युनिक्सच्या बाबतीत आपण साहेबीपणा गाजवल्यासारखं केलं ते जवळपास याच एका गोष्टीत, असं ते पुढे सांगत.

अखेर एका रात्री थॉम्प्सन यांनी मनावर घेतलं. पाइपची सोय त्यांनी युनिक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, घातली आणि तेवढ्यावर न थांबता ‘सॉर्ट’सारखे हाताशी असलेले प्रोग्रॅमही बदलले. फाइलीचं नाव दिलं नाही तर ते आता समोरून येणारा मजकूर वाचू लागले. फेब्रुवारी १९७३च्या तिसऱ्या आवृत्तीच्या माहितीपुस्तकात पाइप दिसतो. त्या रात्रीच्या दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेत एका ओळीत किती काय जमवता येतं याची जणू स्पर्धाच लागली. सुरुवातीची लिहिण्याची पद्धत मात्र विचित्र होती. आउटपुट फाइलीत पाठवण्यासाठी वापरलं जाणारं > हेच चिन्ह पाइपसाठीही वापरायचं आणि ओळीच्या शेवटी ते पुन्हा लटकवायचं. थॉम्प्सन लंडनला व्याख्यान द्यायला निघाले, तेव्हा हे ध्यान चारचौघांत दाखवायची त्यांनाच लाज वाटली. मग त्यांनी कीबोर्डवरची उभी रेघ उचलली. आज जगभर पाइपलाइन लिहिली जाते ती त्याच | चिन्हानं.

पाइप येण्याआधी काम कसं चालायचं? एक प्रोग्रॅम चालवायचा, त्याचं आउटपुट तात्पुरत्या फाइलीत ठेवायचं, तो संपला की ती फाइल पुढच्याला द्यायची आणि शेवटी पुसून टाकायची. प्रकार कंटाळवाणा होता, डिस्कची जागा खाणारा होता. पण त्यात एक सोय आपोआप मिळत होती: दोन पायऱ्यांच्या मध्ये माणूस असायचा. पहिली पायरी फसली तर दुसरी सुरू करायची की नाही, हे त्याच्या हातात होतं. पाइपनं तात्पुरत्या फाइली घालवल्या, त्यांच्याबरोबर ही मधली उसंतही गेली. आता सगळे प्रोग्रॅम एकदमच सुरू होत होते. पहिला कोसळल्याचं कळेपर्यंत शेवटच्यानं काम सुरूही केलेलं असे.

पहिला झटका बसला तो एररच्या मजकुराचा. तोवरचे प्रोग्रॅम एकच तोंड असल्यासारखे वागत. निकालही तिथूनच बोलायचा आणि तक्रारही तिथूनच. समोर टेलिटाइप असेपर्यंत ठीक होतं, माणूस वाचून समजून घ्यायचा. पाइपमध्ये मात्र ‘फाइल उघडता येत नाही’ ही तक्रार पुढच्या प्रोग्रॅमला साधा मजकूर म्हणून मिळू लागली. तोही बिचारा ती इमानेइतबारे वर्णानुक्रमे लावून पुढे पाठवायचा. मॅकिलरॉय यांनी नंतर लिहिलेल्या आठवणींनुसार, आउटपुट फाइलीत पाठवताना हा त्रास आधीपासूनच होता, पाइपमुळे तो असह्य झाला. तरीही एक आत यायची वाट आणि एक बाहेर जायची, या मांडणीचं सौंदर्य बिघडवायला कुणी तयार नव्हतं.

ते बिघडवायला लावलं एका फोटोटाइपसेटरनं. बेल लॅब्जमध्ये छपाईच्या दर्जाची अक्षरं उमटवणारं यंत्र आलं होतं. त्यातून निघणारी लांब कागदी पट्टी नंतर एका घाणेरड्या वासाच्या, चिकट रसायनांच्या यंत्रातून धुऊन काढावी लागे आणि काही मिनिटांनी अक्षरं दिसू लागत. तिथले संशोधक स्टीव्ह जॉन्सन यांनी सांगितलेला किस्सा असा की, एका दुपारी बऱ्याच जणांवर एकच प्रसंग गुदरला. एवढा खटाटोप करून कागद बाहेर आला, तर त्यावर सुरेख टंकात एकच ओळ: अमुक फाइल उघडता येत नाही. कुरकुर झाली आणि ती नेमक्या माणसांच्या कानावर पडली. काही दिवसांतच प्रत्येक प्रोग्रॅमला तिसरी वाट मिळाली, फक्त तक्रारींसाठी. तिला ‘स्टँडर्ड एरर’ म्हणतात. हे काम रिचींनी केलं, १९७५च्या सहाव्या आवृत्तीनंतर थोड्याच काळात.

नवी अडचण लगेच उभी राहिली. साखळीतले चार प्रोग्रॅम एकाच वेळी त्या तिसऱ्या वाटेवर ओरडू लागले, तर ओरडतोय कोण हे कसं कळायचं? तेव्हा प्रत्येक तक्रारीच्या आधी प्रोग्रॅमनं स्वतःचं नाव सांगावं असं ठरलं. आजही लिनक्सवर काही चुकलं की ‘ग्रेप:’ किंवा ‘सॉर्ट:’ असं सुरुवातीला दिसतं, ते त्या ठरावामुळे. मॅकिलरॉय यांच्या म्हणण्याप्रमाणे सगळे प्रोग्रॅम असे दुरुस्त करण्याचं काम कधी पूर्ण झालंच नाही.

म्हणजे माणसाला चूक दिसण्याची व्यवस्था झाली. पण पुढच्या प्रोग्रॅमला ती कळण्याची व्यवस्था झाली नाही, आणि या सगळ्या इतिहासातली खरी मेख तिथे आहे. पाइपमधून फक्त बाइट जातात. लिहिणारा प्रोग्रॅम काम उरकून निघून गेला किंवा अर्ध्यात कोसळला, तरी वाचणाऱ्याला दोन्ही वेळा एकच खूण मिळते: मजकूर संपला. संपणं आणि मरणं यांत पाइप फरक करत नाही. दहा लाख ओळींपैकी चार लाख ओळी देऊन पहिला प्रोग्रॅम मेला, तर ‘सॉर्ट’ त्या चार लाख ओळी चोख लावून देईल आणि काम फत्ते झाल्याचं सांगेल. त्याच्या दृष्टीनं ते खरंही आहे.

उलट्या दिशेचा प्रश्न मात्र युनिक्सनं सुरुवातीच्या काळातच सोडवला होता. वाचणारा आधी निघून गेला तर लिहिणाऱ्यानं काय करायचं? सहाव्या आवृत्तीत पाइपमध्ये ४,०९६ बाइट मावत. तेवढे भरले की लिहिणारा थांबून राहायचा. समोर वाचणारं कुणी उरलंच नसेल, तर कर्नल लिहिणाऱ्याला क्रमांक १३चा सिग्नल पाठवतं. त्याचं नाव ‘सिगपाइप’. तो मिळालेला प्रोग्रॅम मुकाट्यानं मरतो. हा सिग्नल नसता, तर लिहिता येतंय की नाही हे न तपासणारे प्रोग्रॅम रिकाम्या खोलीत बडबडत राहिले असते. या मुक्या मरणाचा हिशेब पुढे तीस वर्षांनी द्यावा लागणार होता, पण त्याकडे नंतर येऊ.

सातव्या आवृत्तीच्या आधीचं शेल थॉम्प्सन यांचं होतं. ते फार साधं होतं, इतकं की ‘इफ’ आणि ‘गोटू’ हेही शेलचे भाग नव्हते, वेगळे प्रोग्रॅम होते. स्क्रिप्ट, म्हणजे कमांडांची फाइल लिहून ठेवणं आणि ती आपोआप चालवणं, हा तिथे दुय्यम व्यवहार होता. १९७५मध्ये केंब्रिजहून आलेल्या स्टीव्हन बोर्न यांनी शेलला खऱ्या अर्थानं प्रोग्रॅमिंगची भाषा बनवलं. अल्गॉल ६८ या भाषेत मुरलेला हा माणूस. ‘इफ’ उलटा करून ‘फी’ आणि ‘केस’ उलटा करून ‘एसॅक’ ही शेलमधली गंमत त्यांची. प्रत्येक प्रोग्रॅम संपताना ० ते २५५ यांपैकी एक आकडा मागे ठेवतो. शून्य म्हणजे सगळं ठीक. बाकीचे आकडे बिघाडाचे, कारण ठीक असण्याची तऱ्हा एकच आणि बिघडण्याच्या अनेक. हा एक्झिट कोड बोर्न यांच्या शेलमध्ये ‘$?’ असं लिहून विचारता येई. ‘सेट -ई’ लिहिलं तर कोणतीही कमांड फसताच स्क्रिप्ट तिथल्या तिथे थांबे.

पाइपलाइनच्या बाबतीत मात्र ‘$?’ एकच आणि कमांडा अनेक. त्यातून एक आकडा निवडायचा तर शेवटच्याचा निवडणं स्वाभाविक होतं. माणसाच्या डोळ्यांसमोर येतं ते शेवटच्या प्रोग्रॅमचं आउटपुट. त्यानं काम नीट केलं असेल तर एकूण काम नीट झालं, असं मानायला हरकत काय? आणि मधल्या कुणाला ठेच लागली तर त्याची तक्रार स्टँडर्ड एररवरून पडद्यावर येणारच होती. बेल लॅब्जच्या वातावरणात हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. एटी अँड टीच्या १९८२च्या माहितीपटात ब्रायन कर्निघन शुद्धलेखन तपासणारी पाइपलाइन बांधून दाखवतात: वाक्याचे शब्द पाडा, छोट्या लिपीत आणा, क्रमानं लावा, पुनरुक्ती काढा, शब्दकोशाशी ताडून पाहा. प्रत्येक टप्प्यावर ते स्वतः पडद्याकडे बघत बसलेले आहेत. तो नियम अशाच, समोर बसलेल्या माणसाच्या भरवशावर उभा होता.

पण माणूस हळूहळू खुर्चीतून उठत होता. स्टुअर्ट फेल्डमन यांचा ‘मेक’ १९७६मध्ये आला. मोठं सॉफ्टवेअर बांधताना कोणती फाइल आधी, कोणती नंतर हे तो पाहायचा आणि एखादी कमांड बिघाडाचा आकडा घेऊन परतली की थांबायचा. बांधणीची नोंद जपून ठेवायची म्हणून लोक कम्पायलरचं आउटपुट ‘टी’ या प्रोग्रॅममधून न्यायचे, जो तेच पडद्यावरही दाखवतो आणि फाइलीतही लिहितो. ‘टी’ सहसा बिघडत नाही. त्यामुळे कम्पायलरनं शंभर चुका दाखवल्या, तरी ‘मेक’ला शून्य मिळायचं आणि तो निर्धास्तपणे पुढच्या फाइलीकडे वळायचा. नोंद ठेवण्याच्या सावधगिरीनंच पहारेकऱ्याला झोपवलं.

दुसरा खुर्ची रिकामी करणारा प्रोग्रॅम होता ‘क्रॉन’, ठरलेल्या वेळी ठरलेली कामं चालवणारा. पाइपलाइनचा इतिहास यापुढे मध्यरात्रीचा इतिहास होतो. डेटाबेसच्या बॅकअपची जगभर हजारो ठिकाणी लिहिली गेलेली ओळ घ्या: ‘मायएसक्यूएलडंप’नं डेटाबेसमधला मजकूर बाहेर काढायचा, पाइपमधून तो ‘जीझिप’ला द्यायचा आणि दाबून लहान झालेली फाइल तारखेच्या नावानं ठेवायची. एक दिवस कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलतं. त्या रात्रीपासून पहिली कमांड दारातूनच परत येते. तिची तक्रार क्रॉन एका मेलमध्ये घालून सर्व्हरवरच्या अशा पेटीत टाकतो, जी कुणी उघडत नाही. ‘जीझिप’ला काहीच मिळत नाही. तो ते ‘काहीच नाही’ नेटकं दाबून फाइल बनवतो आणि शून्य परत देतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. शेल मात्र पोहरा वर आला एवढंच बघतं. काहीच नसलेल्या मजकुराची ‘जीझिप’ फाइल २० बाइटची असते. सहा महिने रोज रात्री २० बाइटच्या फाइली साठत राहतात, तारखा बरोबर, नावं बरोबर, आणि डिस्क बिघडते त्या दिवशी कुणीतरी पहिल्यांदाच त्यांच्या आकाराकडे बघतं.

हा नियम सगळ्यांनीच मुकाट मान्य केला होता असं नाही. बर्कलीत बिल जॉय यांनी लिहिलेल्या सी शेलमध्ये साखळीतल्या कुठल्याही कमांडचा बिघाड निकालात उमटायचा. पण स्क्रिप्ट लिहिण्यासाठी ते शेल इतर बाबतीत इतकं बेभरवशाचं होतं की त्याचं अनुकरण कुणी केलं नाही. सगळ्यात देखणं उत्तर पुन्हा बेल लॅब्जमधूनच आलं. प्लॅन ९ ही युनिक्सची पुढची पिढी. तिच्यासाठी टॉम डफ यांनी ‘आरसी’ नावाचं शेल लिहिलं. तिथे एक्झिट स्टेटस हा आकडा नसून मजकूर असतो आणि पाइपलाइनचा निकाल म्हणजे प्रत्येक कमांडचा निकाल, मध्ये उभी रेघ घालून एकापुढे एक लिहिलेला. कुणाचं काय झालं ते तिथल्या तिथे वाचा. एकच आकडा निवडण्याचा पेच त्यांनी निवड न करताच सोडवला. प्लॅन ९ फारशी कुणी वापरली नाही, त्यामुळे हे उत्तरही कोपऱ्यात राहिलं.

बाकीचं जग बोर्न शेलच्या वाटेनं चाललं. १९९२मध्ये शेलसाठी पॉझिक्स मानक आलं आणि शेवटच्या कमांडचा नियम त्यात कायम झाला. सवयीचं रूपांतर कायद्यात होतं ते असं. ज्यांना आतलं जाणून घ्यायचं होतं त्यांच्यासाठी एक युक्ती प्रचलित होती: तीन आणि चार क्रमांकाच्या जादा वाटा उघडायच्या, पहिल्या कमांडचा आकडा पाइपला वळसा घालून त्यातून बाहेर आणायचा आणि मग पुन्हा सगळ्या वाटा जागच्या जागी लावायच्या. ती ओळ लिहिणाऱ्याला दुसऱ्या आठवड्यात स्वतःलाच वाचता येत नसे.

बॅश हे आज सर्वाधिक वापरलं जाणारं शेल ब्रायन फॉक्स यांनी १९८९मध्ये जाहीर केलं आणि पुढे चेट रेमी यांनी सांभाळलं. १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यात ‘पाइपस्टेटस’ आलं: शेवटच्या पाइपलाइनमधल्या प्रत्येक कमांडचा आकडा क्रमानं देणारी यादी. माहिती आता पूर्ण होती, पण नाशवंत. पाइपलाइननंतर दुसरी कोणतीही कमांड चालली, अगदी पडद्यावर एक शब्द छापला, तरी यादी पुसली जाऊन नव्या कमांडची यादी तिथे येते. पाइपलाइन फसली का, हे तपासण्याआधी ‘तपासतोय’ असं छापणाऱ्या कितीतरी स्क्रिप्ट त्या छापण्याचाच निकाल तपासत बसल्या.

मग ‘पाइपफेल’ आलं. बेल लॅब्जचेच डेव्हिड कॉर्न यांनी १९८३मध्ये जाहीर केलेल्या कॉर्न शेलच्या नंतरच्या पिढीत ही सोय झाली आणि २००४मध्ये बॅशच्या ३.० आवृत्तीनं ती उचलली. ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहिलं की नियम बदलतो. साखळीतल्या सगळ्या कमांडा यशस्वी झाल्या तरच शून्य; नाहीतर फसलेल्यांपैकी सगळ्यात उजवीकडच्या कमांडचा आकडा. ‘सेट -ई’च्या जोडीला हे दिलं की मघाची रिकाम्या बॅकअपची स्क्रिप्ट पहिल्याच रात्री थांबते. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. स्क्रिप्टच्या पहिल्या दोन-चार ओळींत मंगलाचरणासारखं ‘सेट -ईयुओ पाइपफेल’ लिहिण्याची रीत पडली.

आणि मुकी मरणं बोलू लागली.

१९८६च्या जून महिन्यात ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात जॉन बेंटली यांच्या सदरात एक प्रसिद्ध सामना झाला होता. मजकुरातले सर्वाधिक वेळा आलेले शब्द शोधण्यासाठी डोनाल्ड क्नूथ यांनी कित्येक पानांचा सुंदर प्रोग्रॅम लिहिला; त्याचं परीक्षण करताना मॅकिलरॉय यांनी तेच काम सहा कमांडांच्या पाइपलाइनमध्ये करून दाखवलं. पाइपलाइनची ती जगातली सगळ्यात नावाजलेली ओळ असावी. तिच्यात पाचवी कमांड ‘सॉर्ट’ शब्दांची यादी वारंवारितेनुसार लावते आणि सहावी ‘सेड’ पहिले हवे तेवढे शब्द छापून निघून जाते. बरोबरच आहे, दहा शब्द हवे असताना उरलेले वाचायचे कशाला? पण वाचणारा गेला, ‘सॉर्ट’ अजून लिहितोय, त्याला सिगपाइप मिळतो आणि तो मरतो. सिग्नलनं मेलेल्या प्रोग्रॅमचा आकडा शेल १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक असा सांगतं, म्हणजे १४१. एरवी हा आकडा कुणाच्या नजरेस पडला नसता. पाइपफेल लावलं की पाइपच्या जनकाची ओळ बरोबर उत्तर देऊन नापास होते.

तीही दर वेळी नाही, हा त्यातला खरा त्रास. लिनक्समध्ये २००५पासून पाइपमध्ये साधारणतः ६५,५३६ बाइट मावतात. शब्दांची यादी त्याहून लहान असेल तर ‘सॉर्ट’ सहसा सगळं लिहून ‘सेड’च्या आधीच मोकळा होतो, शून्य मिळतं. चाचणीच्या छोट्या फाइलीवर स्क्रिप्ट उत्तम चालते, खऱ्या मोठ्या फाइलीवर तीच ओळ १४१ देऊन थांबते. आकार सीमेवर असेल तर निकाल त्या क्षणी कोणत्या प्रोसेसला आधी संधी मिळाली यावरही ठरतो. जुनी चूक निदान नियमानं गप्प बसायची; नवी लहर लागेल तशी ओरडते.

मजकुरात शब्द शोधणाऱ्या ‘ग्रेप’चा घोळ आणखी वेगळा. शोधलेला शब्द सापडला नाही तर तो १ देतो, खरोखर काही बिघडलं तर २. आजच्या नोंदींत एकही बिघाड नाही ही आनंदाची बातमी पाइपफेलच्या लेखी अपयश ठरते. एखाद्या आकड्याचा अर्थ काय घ्यायचा हे शेवटी प्रत्येक प्रोग्रॅमनं स्वतःपुरतं ठरवलेलं आहे आणि शेलला त्या सगळ्यांवर एकच माप लावावं लागतं. याला तोड निघणं कठीण. शेल हे प्रोग्रॅमांच्या पोटात शिरत नाही म्हणूनच तर ते इतकी वर्षं टिकलं.

दरम्यान ‘शेल’ हा शब्दच दुभंगला होता. ऑक्टोबर २००६मध्ये उबुंटूनं संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून ‘एसएच’ या नावामागचं शेल बदललं. बॅश जाऊन तिथे ‘डॅश’ हे छोटं, चपळ शेल आलं, आणि त्याला पाइपफेल ठाऊक नव्हतं. पुढच्या दशकात डॉकरच्या पेट्या, म्हणजे प्रोग्रॅम सगळ्या लवाजम्यासह बांधून ठेवणारे कंटेनर, तयार करणाऱ्या फाइलींमध्ये हा फरक पदोपदी नडू लागला, कारण वेगळं सांगितलं नाही तर तिथल्या कमांडा एसएचमधून चालतात. डॉकरची अधिकृत माहिती याचं एक छान उदाहरण देते: इंटरनेटवरून पान आणायचं आणि ‘डब्ल्यूसी’नं त्याच्या ओळी मोजायच्या. पान आलंच नाही तर डब्ल्यूसी शून्य ओळी मोजतो, खुशीत परततो आणि पेटी तयार होते. गिटहबच्या स्वयंचलित चाचण्यांच्या यंत्रणेत तर गंमतच आहे. स्क्रिप्ट बॅशमध्ये चालवा असं स्पष्ट लिहिलं तर पाइपफेल लागू होतं. काही न लिहिता सोडलं तर सहसा बॅशच चालतं, पण पाइपफेलशिवाय. एका शब्दाच्या असण्या-नसण्यानं तीच पाइपलाइन पास किंवा नापास.

आकडा बरोबर आला म्हणजे प्रश्न मिटतो असंही नाही, हे ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीला कळलं. रात्री दमलेल्या एका अभियंत्यानं चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची फाइल-मांडणी पुसायला घेतली. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी ४.५ उरले होते. रोजचे बॅकअप शोधायला गेले तर साठवणीच्या जागी काहीच नव्हतं. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर होता आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ९.२चा चालत होता. तो रोज तक्रार करून बाहेर पडत होता. क्रॉन त्या तक्रारीचा मेलही पाठवत होता, पण मेलवर आवश्यक ती सही नसल्यानं समोरचा सर्व्हर तो परत फिरवायचा. इथे दोषी पाइपलाइन नव्हती. आवाज निघाला होता, तो पोचण्याची शेवटची वाट बंद होती. सहा तासांपूर्वी योगायोगानं घेतलेल्या एका प्रतीमुळे बहुतेक माहिती वाचली, आणि कंपनीनं हा सगळा तपशील कारणांसह जाहीर केला. या क्षेत्रात इतका मोकळेपणा अजूनही दुर्मीळ आहे.

जून २०२४मध्ये पॉझिक्सची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि पाइपफेल मानकात दाखल झालं. मूळ नियम मात्र तसाच ठेवला: मागितलं तरच पाइपफेल, नाहीतर शेवटची कमांड म्हणेल ते. हे भित्रेपणाचं वाटलं तरी दुसरा मार्ग नव्हता. जुन्या नियमावर विसंबून, ‘हेड’ या कमांडनं पहिल्या दहा ओळी घेऊन पळ काढण्यावर विसंबून लिहिलेल्या स्क्रिप्ट रुग्णालयांपासून बँकांपर्यंत सगळीकडे चालू आहेत, त्या एका रात्रीत नापास करणं कुठल्याही समितीला परवडलं नसतं.

सराईत मंडळींनी यातून आपापल्या सवयी लावून घेतल्या आहेत. मंगलाचरण सगळ्यांचं सारखं, पण जिथे साखळी मुद्दाम अर्ध्यात तोडायची आहे तिथे पाइपस्टेटसची यादी लगेच बाजूला लिहून घ्यायची आणि त्या एका कडीपुरता १४१ माफ करायचा. ‘ग्रेप’चा १ चालवून घ्यायचा, २ नाही. आणि खरोखर मोलाच्या कामात, बॅकअपसारख्या, बरेच जण पाइप टाळतातच. डंप आधी तात्पुरत्या फाइलीत उतरवायचा, त्याचा आकडा बघायचा, आकार कालच्याशी ताडायचा, मग दाबायचा, आणि सगळं जुळलं तरच त्या फाइलीला खरं नाव द्यायचं. डिस्कची दुप्पट जागा लागते, वेळ जास्त जातो. थॉम्प्सन यांच्या त्या रात्रीच्या आधी मरे हिलमध्ये काम असंच चालायचं; फरक एवढाच की दोन पायऱ्यांच्या मध्ये तेव्हा माणूस होता आणि आता तिथे स्क्रिप्टमधली एक ‘इफ’ची ओळ आहे.